खलनायिका दुसऱ्याच राउंडला मरायची, त्यावरचा उपाय

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ), पाचवी आवृत्ती; खेळ चालवायचं काम माझं. ५ खेळाडू विरुद्ध एकटी चेटकीण, आणि ती दुसऱ्याच राउंडला आडवी. हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) दुप्पट केले, तर लढाई नुसती लांबली. आर्मर क्लास (तिला वार लागणं किती अवघड तो आकडा) वाढवला, तर खेळाडू जांभया देऊ लागले. डोक्याला नुसता ताप!

खरी गोम पाळ्यांच्या हिशोबात होती: त्यांच्या ५, तिची १. म्हणून आधी तिला ३ लेजेंडरी अ‍ॅक्शन्स (स्वतःची पाळी नसतानाच्या जादा चाली) दिल्या. दुसऱ्या कुणाची पाळी संपली की एक वापरायची; तिची स्वतःची पाळी सुरू झाली की तिन्ही परत. मग दिवसाला ३ लेजेंडरी रेझिस्टन्स (फसलेला बचाव यशस्वी ठरवायची मुभा), नाहीतर 'होल्ड मॉन्स्टर' या जखडून टाकणाऱ्या एका मंत्रात खेळ खलास. शेवटी इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम ठरवणारा आकडा) २० वर लेअर अ‍ॅक्शन (तिच्या अड्ड्याचीच चाल): मनोऱ्यातल्या मशाली विझतात (हे माझं लाडकं). हिट पॉइंट्स मूळचेच.

परवा ती सहाव्या राउंडला खिडकीतून निसटली.