हरणं मोजायला लावू नका: प्राण्यांमधून गणित शिकवताना या चुका टाळा

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात चितळांच्या कुंपणाशी अर्धा तास उभं राहिलं की एकच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतो. कुणाची तरी आई किंवा बाबा येतात, चार वर्षांच्या लेकराला कडेवर घेतात आणि म्हणतात, "मोज बरं, किती हरणं आहेत?" लेकरू बोट नाचवत सुरू करतं. हरणं इकडची तिकडे होतात, एक झाडामागे जातं, दोन पुढे येतात, बोट मात्र चालूच असतं. "बारा!" "शाब्बास!" आणि मंडळी वाघाकडे निघतात.

यात आकडे म्हणून झाले, मोजणं झालंच नाही. म्हणणं आणि मोजणं यांसाठी आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, तरी आपण ते सर्रास एक धरतो. मी सोळा वर्षं बालवर्गाला शिकवते आहे आणि दर हिवाळ्यात मुलांना घेऊन कात्रजला जाते. मुलांना प्राणी आवडतात, म्हणून प्राण्यांबरोबर गणितही आपोआप गळी उतरेल, ही समजूत पालकांमध्ये आहे आणि शिक्षकांमध्येही. प्राणी मुलाचं लक्ष मिळवून देतात, एवढंच. पुढचं काम मोठ्या माणसाचं असतं.

हलता कळप मोजायला देणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती मी स्वतः केली आहे.

मोजायचं म्हणजे एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, कुठलीही वस्तू सोडायची नाही आणि कुठलीही दोनदा धरायची नाही. मोठी माणसं मोजून झालेलं आणि उरलेलं डोक्यात वेगळं ठेवतात. चार वर्षांच्या मुलाला ते हातानं वेगळं ठेवावं लागतं. मोजलेला मणी तो बाजूला सरकवतो. चितळाला बाजूला सरकवणार कसं? शिवाय ठिपके सगळ्यांच्याच अंगावर असतात, त्यामुळे कुठलं मोजलं आणि कुठलं राहिलं याला काही खूणही राहत नाही.

एका वर्षी सव्वीस मुलं होती. मी आदल्या रात्री बसून प्रत्येकासाठी कागद तयार केला होता: वाघ किती, मोर किती, हरणं किती. चितळांपाशी पोचलो आणि उत्तरं यायला लागली. नऊ, चौदा, एकतीस. एकानं शंभर सांगितले. उशीर होत होता, बस थांबली होती. सोबतच्या एका ताईंनी सगळ्यांना सांगून टाकलं, "वीस लिहा." पंचवीस कागदांवर वीस आलं. एका मुलीचा कागद कोरा राहिला. ती कुंपणाला नाक लावून उभी होती. मला म्हणाली, "ताई, ते हरीण परत आलं. ते मी मोजलंय." मी तिला सांगितलं, पुढच्या वेळी लवकर पूर्ण कर.

संध्याकाळी कागद चाळताना माझ्या लक्षात आलं की सव्वीस मुलांत खरं गणित एकटीनं केलं होतं. एकच हरीण दोनदा मोजायचं नाही हे तिला उमगलं होतं, म्हणूनच तिला आकडा लिहिता आला नव्हता. आणि मी तिलाच घाई केली होती. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

तेव्हापासून माझी सवय बदलली. कळप मोजायचाच नाही. मोजायची ती मगर, कारण ती उन्हात पडली की दगडासारखी पडून राहते. मोजायला कासवंही चालतात. चितळांपाशी थांबायचंच असेल तर फक्त शिंगवाले शोधायला सांगते. चितळांत शिंगं फक्त नरांना येतात, ती दरवर्षी गळून नवी येतात, त्यामुळे शिंगवाले थोडेच सापडतात. शिंगवाले आणि बिनशिंगी अशी वाटणी करणं हेही गणितच आहे, आणि तीनचार नरांवर मुलाची नजर ठरते. मुंबईकरांनी राणीच्या बागेतल्या पेंग्विनांबद्दलही हेच लक्षात ठेवावं. 2016 मध्ये तिथे आठ हंबोल्ट पेंग्विन आणले गेले आणि त्यांना बघायला मुलांची झुंबड असते. पण सगळे सारखे दिसणारे, बुडी मारून भलतीकडे वर येणारे पक्षी काचेतून मोजणं मोठ्यांनाही अवघड जातं. तिथे नुसतं बघू द्या.

माझ्या पिशवीत चिंचोक्यांची एक डबी कायम असते. मगर दिसली, एक चिंचोका डबीत. दुसरी दिसली, दुसरा चिंचोका. मगरी तिथेच राहतात, चिंचोके आमच्याबरोबर घरी येतात आणि चटईवर हवे तितक्या वेळा सरकवून मोजता येतात. यात माझं नवीन काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या आजूबाजूला मिळणाऱ्या बिया, शंखशिंपले, पानं असल्याच साहित्यावर. महागडा प्लॅस्टिकचा संच आणून काम लवकर होईल असं ज्यांना वाटतं, त्यांना मी आधी मूठभर चिंचोके देते.

"किती?" विचारून उत्तर आपणच देणं

मूल पाच चिंचोके नीट मोजतं. एक, दोन, तीन, चार, पाच. आपण विचारतो, "मग किती मगरी?" ते परत पहिल्यापासून मोजायला लागतं. पालकांना वाटतं, लक्ष नाही किंवा हट्ट करतंय. हट्ट नसतो. शेवटी उच्चारलेला 'पाच' हा शेवटच्या चिंचोक्याचं नाव नाही, तो सगळ्यांचा मिळून आकडा आहे, हे त्याला अजून कळलेलं नसतं. त्याच्या लेखी "किती?" म्हणजे "म्हणून दाखव". रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली. एकास एक जोडी हे त्यांतलं एक आणि हे शेवटच्या आकड्याचं दुसरं. एक आलं म्हणून दुसरं आलंच असं नसतं. मधे कित्येक महिने जातात.

आपण काय करतो? मूल "पाच" म्हणालं की लगेच जोरात म्हणतो, "बरोब्बर, पाच मगरी!" म्हणजे कळायची गोष्ट आपणच उरकून टाकतो.

मी डबीचं झाकण लावते आणि विचारते, "आत किती?" आता परत मोजायला समोर काही नसतं. काही मुलं लगेच सांगतात, काही डबी हलवून बघतात, काही गप्प बसतात. गप्प बसणाऱ्याला मी उत्तर सांगत नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारते. दुसरा खेळ घरी खेळायचा: चार वाघ कागदावर काढायचे आणि म्हणायचं, "स्वयंपाकघरातून यांच्यापुरते चमचे आण, प्रत्येकाला एक." मूल ओंजळभर चमचे घेऊन आलं तर ते अजून नुसतं म्हणतंय. चारच आणले तर मोजतंय. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी आणि चार मागितल्यावर ओंजळ भरून आणणारी मुलं मला दर जूनमध्ये भेटतात. त्यांचे आईबाबा फार अभिमानानं येतात आणि त्यांना हे सांगणं मला जड जातं, तरी सांगते.

(खेळ घरीच. प्राणिसंग्रहालयात कुठल्याही प्राण्याला काहीही खायला टाकायचं नाही, आणि ते मुलाला आधीच सांगून ठेवायचं.)

बाकीच्या चुका

सगळ्याला 'मोठा' म्हणणं. हत्ती मोठा, अजगर मोठा, जिराफ मोठा, आणि घरातला दादाही मोठा. मराठीत 'मोठा' वयालाही चालतो, म्हणून मुलाचा गोंधळ दुप्पट होतो. अजगर लांब, जिराफ उंच, हत्ती वजनदार, असं बोला. शब्द वेगळे झाले की मोजमापाचं अर्धं काम झालं.

खेळण्यातला हत्ती आणि खेळण्यातली मांजर हातात एकाच मापाची देऊन "कोण मोठं?" विचारू नका. मूल हातातलं बघून उत्तर देतं, आणि हातातलं बघता ते बरोबरच असतं.

शून्य विसरणं. पाय मोजायचा खेळ सगळे खेळतात: वाघाचे चार, मोराचे दोन. सापाशी आले की हसून पुढे जातात. थांबा तिथे. "सापाला पाय किती?" याचं उत्तर शोधताना मुलाला शून्य डोळ्यांनी दिसतं. असं दिसणारं शून्य फार कमी ठिकाणी मिळतं.

विसाच्या पुढे पळणं. आपण 21 लिहिताना दोन आधी लिहितो आणि म्हणताना 'एक' आधी म्हणतो. एकोणीस आणि एकोणतीसमध्ये तर पुढची संख्या माहीत असावी लागते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात मला पडायचं नाही, पण चार वर्षांच्या मुलाला यातलं काहीच लागत नाही. दहापर्यंत पक्कं होऊ द्या. माझ्या वर्गात डिसेंबरपर्यंत आम्ही पाचाच्या पुढे जात नाही, आणि दरवर्षी कुणीतरी त्यावरून तक्रार करतं.

एका भेटीत सगळं संग्रहालय उरकणं. दोन पिंजरे पुरे. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दुपारी वाघ झोपलेला असतो आणि मूल कंटाळलेलं. कात्रज आणि राणीची बाग दोन्ही बुधवारी बंद असतात. बुधवारी डबी काढून चटईवर बसा.