मित्रासोबत एचआयव्हीच्या चाचणीला जाताना

"चाचणी करायची आहे, सोबत येशील का?" असे विचारणाऱ्या मित्राने हे वाक्य तोंडातून काढण्याआधी कित्येक दिवस स्वतःशी झगडा केलेला असतो. मी समलिंगी पुरुष आहे आणि आजवर चार मित्रांसोबत अशा चाचणीला गेलो आहे. पहिल्या वेळी मी चुकलो. मित्राने विषय काढताच मी विचारले, "कोण होता तो?" प्रश्न काळजीपोटी आला होता, पण त्याला ती उलटतपासणी वाटली. तो गप्प झाला, थोड्या वेळाने उठून निघून गेला आणि पुढचे चार महिने त्याने चाचणी केलीच नाही.

म्हणून "कोणाबरोबर" हे विचारूच नये. विचारायचे ते "केव्हा". शंका वाटावी असा संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील, तर सोयीचा दिवस शोधत बसण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून पेप या औषधांविषयी विचारावे. ही औषधे संसर्ग मूळ धरण्याआधीच त्याला रोखण्यासाठी असतात, ती २८ दिवस न चुकवता घ्यावी लागतात आणि जितकी लवकर सुरू होतील तितकी अधिक उपयोगी पडतात. ती मुदत टळून गेली असेल, तर विंडो पिरियड समजून घ्यावा लागतो, म्हणजे विषाणू शरीरात असूनही चाचणीत दिसत नाही तो काळ. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केली जाणारी प्रतिजन-प्रतिपिंड चाचणी, म्हणजे विषाणूचा अंश (प्रतिजन) आणि त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने (प्रतिपिंडे) असे दोन्ही शोधणारी चाचणी, साधारणपणे १८ ते ४५ दिवसांत संसर्ग ओळखते, तर केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीला २३ ते ९० दिवस लागू शकतात. घाईने आठवड्याभरातच चाचणी करून "निगेटिव्ह आलो" म्हणत निश्चिंत झालेला माणूस मी पाहिला आहे, आणि त्या खोट्या निश्चिंतीची मला चाचणीच्या भीतीपेक्षाही जास्त धास्ती वाटते.

चाचणीच्या दिवशी, समुपदेशकाच्या खोलीत आपण बरोबर यावे की बाहेर थांबावे, हे मित्रालाच आधी एकांतात विचारावे, कारण लोकांसमोर विचारले तर तो भिडेपोटी "ये" म्हणतो. आत त्याने आपली लैंगिक ओळख सांगितलीच पाहिजे असे नाही. मात्र संबंध कशा प्रकारचे होते आणि कंडोम वापरला होता का, हे खरे सांगितले तरच सल्ला योग्य मिळतो. समोरचा माणूस नाक मुरडू लागला किंवा लग्नाबिग्नाच्या गोष्टी काढू लागला, तर "आम्हाला दुसऱ्या समुपदेशकाशी बोलायचे आहे" असे शांतपणे सांगायला सोबतीचा माणूस फार उपयोगी पडतो, कारण त्या क्षणी मित्राला स्वतःची बाजू मांडण्याचे बळ नसते. हे बळ कशामुळे जाते, हेही ध्यानात ठेवावे. आजही जगातल्या ६०हून अधिक देशांत समलिंगी संबंध गुन्हा मानले जातात, आणि खरे बोलल्यास तुरुंगाची भीती असेल तिथे माणूस डॉक्टरपुढेही खोटेच बोलतो. हक्कांचा लढा आणि आरोग्याचे काम यांना मी वेगळे मानत नाही, ते यामुळेच.

बोटाला सुई टोचली जाते, रक्ताचा थेंब पट्टीवर पडतो आणि मग साधारण वीस मिनिटे वाट पाहावी लागते. माझा एक मित्र त्या वेळात बोटावरचा कापूस चिमटीत घेऊन त्याचे धागे एकेक करून सोडवत बसला होता. मी आकडे सांगून धीर देऊ लागलो, तेव्हा तो म्हणाला, "काही बोलू नकोस, फक्त बस." तेव्हापासून मी त्या वीस मिनिटांत बोलत नाही.

निकाल निगेटिव्ह आला, तर विंडो पिरियड शिल्लक असल्यास फेरचाचणीची तारीख तिथेच लिहून घ्यावी आणि कंडोमबरोबरच प्रेपविषयी, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या औषधांविषयी, समुपदेशकाला विचारावे.

पॉझिटिव्ह आला, तर पहिली गोष्ट ही की एका पट्टीवरच्या रेषेने निदान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार, लागोपाठ तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी दुजोरा दिल्यावरच निदान पक्के मानावे. ते पक्के झाले, तर रोगप्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशींचा आकडा किती खाली येतो याची वाट न पाहता औषधोपचार सुरू करावेत, असे ही संघटना २०१५पासून सांगत आली आहे. नियमित औषधांनी रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराला होत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ या अभ्यासात ७८२ पुरुष जोडपी होती. प्रत्येक जोडप्यातील एक जण एचआयव्हीसह जगणारा आणि उपचार घेणारा होता, आणि कंडोमविना संबंध येऊनही त्याच्याकडून जोडीदाराला संसर्ग झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. इतर लैंगिक आजारांपासून मात्र ही औषधे वाचवत नाहीत, म्हणून कंडोमचे महत्त्व राहतेच. हे सारे पहिल्याच संध्याकाळी मित्राच्या कानी घालू नये. त्या संध्याकाळी त्याला एकटे सोडू नये, एवढेच पुरे. दोन दिवसांनी तो स्वतःच विचारतो.

शब्द जपून वापरावेत. १९८१ साली एड्सची, म्हणजे एचआयव्हीमुळे पुढे होणाऱ्या आजाराची, पहिली नोंद झाली ती लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण समलिंगी पुरुषांच्या निमित्ताने, आणि तेव्हा आमच्या समुदायावर बसलेला शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. १९८३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्ससह जगणाऱ्या कार्यकर्त्यांनी, आम्हाला "बळी" म्हणू नका, असे ठणकावून सांगितले होते. त्यामुळे मी "एड्सग्रस्त" हा शब्द टाळतो आणि "एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती" असे लांबलचक का होईना, पण तेच म्हणतो.

निकाल कोणाला सांगायचा, हे फक्त मित्राने ठरवायचे असते. आपल्या समुदायात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि तेच इथे घातक ठरते: एका विश्वासू मित्राला सांगितलेली गोष्ट आठवड्याभरात सर्वांच्या फोनवर पोहोचते. मी तर मित्राचा निकाल माझ्या जोडीदारालाही सांगत नाही. मित्राने गटात येणे बंद केले, तर कारण न विचारता पूर्वीसारखेच बोलावत राहावे, मिठी मारावी, एकाच पेल्यातून पाणी प्यावे. यांतून एचआयव्ही पसरत नाही, हे त्याला शब्दांपेक्षा आपल्या वागण्यातून लवकर पटते.

आणि दुसऱ्या खेपेलाही सोबत जावे. पहिल्या दिवशी सोबत येणारे पुष्कळ असतात. औषधे आणायला, तपासण्यांना तो बहुधा एकटाच जातो. त्या कापूस सोडवणाऱ्या मित्रासोबत मी सहा महिन्यांनी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाचा, अहवाल घ्यायला गेलो होतो. विषाणू आढळला नाही, असे त्यावर छापले होते. त्याने तो कागद दोनदा वाचला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता बोल, काय बोलायचे होते तुला तेव्हा?"