गाडीतील दिशादर्शकाची ओळख: सुरुवात पाठ असलेल्या रस्त्यावरून

ठाण्यात वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाला तीन हात नाका किंवा कळवा पूल दाखवायला यंत्र लागत नाही, आणि याच कारणाने मी फोनवरच्या नकाशा ॲपमधील उपग्रह दिशादर्शनापासून दीर्घकाळ दूर राहिले. आता मात्र माझ्या वयाच्या चालकांनी ते शिकावे असे मला मनापासून वाटते. हे शिक्षण अनोळखी गावाच्या वाटेवर सुरू करू नये. ज्या रस्त्याचे प्रत्येक वळण आपल्याला पाठ आहे तिथेच ते करावे, म्हणजे यंत्र कुठे बरोबर असते आणि कुठे गोंधळते हे आपल्याच माहितीच्या आधारे पारखता येते.

त्यासाठी त्याचे काम थोडे समजून घ्यावे. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत संकेत पाठवतात, आणि फोन किमान चार उपग्रहांचे संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून आपले ठिकाण काढतो. इथे फोन फक्त ऐकतो. आपण कुठे आहोत हे उपग्रहाला कळत नाही. कोंडी दाखवणारी लाल रेषा मात्र उपग्रहाकडून येत नसून, इतर चालकांचे फोन किती वेगाने पुढे सरकत आहेत यावरून ठरते. तिला इंटरनेट लागते आणि त्या वेळी आपलेही स्थान ॲपच्या कंपनीकडे जाते. ज्यांना याची काळजी वाटते त्यांनी स्थानाची परवानगी केवळ ॲप वापरात असतानापुरतीच द्यावी.

फोन हातात किंवा मांडीवर न ठेवता होल्डरमध्ये, समोरचा रस्ता झाकला जाणार नाही असा बसवावा, चार्जर जोडावा आणि जायचे ठिकाण गाडी सुरू करण्यापूर्वीच भरावे. आवाजाची भाषा मराठी निवडता येते. कान सूचनेकडे आणि डोळे रस्त्याकडे राहतात, हा माझ्या मते या साधनाचा सर्वांत मोठा लाभ आहे. इमारतीच्या तळघरात गाडी उभी असेल, तर तिथे संकेत पोहोचत नसल्याने बाण भलतीकडे दिसतो. उघड्यावर येऊन थोडे अंतर पुढे गेल्यावरच दिशेवर विश्वास ठेवावा.

पहिल्या सरावासाठी ठाण्याहून वाशीला जावे. कळवा, विटावा आणि ठाणे-बेलापूर रस्ता असा एक मार्ग आहे, मुलुंडवरून ऐरोली पुलाचा दुसरा. यंत्र त्या घडीला कोणता सुचवते हे पाहावे आणि आपण कोणता निवडला असता याच्याशी ताडून पाहावे. कोंडीच्या बाबतीत ते बहुधा आपल्यापेक्षा जाणते ठरते, कारण पुढच्या नाक्यावर आत्ता काय चालले आहे हे आपल्याला घरून दिसत नाही. पावसाळ्यात मात्र उलट असते: विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचते हे आपल्याला ठाऊक असते, आणि नकाशावर रस्ता मोकळा दिसला तरी जोरदार पावसात तिकडे जाऊ नये.

घोडबंदर रस्त्यावर मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळ येथे उड्डाणपूल आहेत. गाडी पुलावर आहे की खालच्या रस्त्यावर, हे यंत्राला नेहमी ओळखता येत नाही, म्हणून तिथे पाटी वाचूनच लेन धरावी. वळण चुकले तरी ब्रेक दाबू नये, गाडी मागे घेऊ नये. सरळ पुढे जावे, नवा मार्ग आपोआप मिळतो.

नवी मुंबईत पत्ता भरताना विशेष जपावे. सेक्टर 10 वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे आणि कोपरखैरण्यातही आहे, तेव्हा सेक्टरच्या जोडीला उपनगराचे नाव आणि शक्य झाल्यास इमारतीचे नाव घालावे. टोल टाळण्याचा पर्याय चालू राहिला असेल, तर अटल सेतू सुचवलाच जाणार नाही. दक्षिण मुंबईकडे निघण्यापूर्वी तो तपासावा. वाहनाच्या प्रकारात दुचाकी निवडलेली नाही ना, हेही पाहावे, नाहीतर मोटार अरुंद गल्लीत जाऊन अडकू शकते.

एवढे सवयीचे झाल्यावर लांबच्या प्रवासाला निघावे. माळशेज घाटासारख्या भागात जाण्यापूर्वी घरच्या वायफायवर तिथला नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा. मोबाइलची रेंज गेली तरी उपग्रहांचे संकेत येत राहतात आणि मार्ग दिसतो, फक्त कोंडीची माहिती तेवढ्यापुरती थांबते.