विनोदी नाटकाचं परीक्षण लिहायचंय? आधी बाल्कनीत बसा

नाट्यपरीक्षणं लिहायला लागलो तेव्हा एका नव्या विनोदी नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग पाहून मी 'ओढूनताणून आणलेला विनोद' असं लिहून मोकळा झालो. तीसेक प्रयोग झाल्यावर तेच नाटक पुन्हा पाहिलं, तर तीच वाक्यं टाळ्या घेत होती. पहिल्या दिवशी नट हशातच पुढचं वाक्य बोलून टाकत होते, निम्मं ऐकूच येत नव्हतं. आता ते हशा ओसरेपर्यंत थांबत होते. संहितेला मी उगाच बोल लावला होता. त्याचं अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून विनोदी नाटक मी दोनदा बघतो. दुसऱ्यांदा बाल्कनीचं तिकीट काढतो आणि रंगमंचापेक्षा प्रेक्षागृहाकडे जास्त बघतो. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत लोक कुठलं वाक्य एकमेकांना म्हणून दाखवतात, ते ऐकून ठेवा. एखाद्या संस्थेनं विकत घेतलेला प्रयोग असेल तर तिथल्या हशावर विसंबू नका. तिथे बरेचजण फुकटच्या पासावर आलेले असतात.

गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८०चं. गावच्या मंडळींनी बसवलेल्या पौराणिक नाटकाची फजिती, तीही मालवणीत. सुरुवातीला गर्दी बेताचीच होती. पुलंनी मनापासून दाद दिली आणि वारं फिरलं. पुढे ५०००च्या वर प्रयोग झाले. या नाटकाच्या एका प्रयोगाला माझ्या पुढच्या रांगेत एक आजी होत्या. नाटकातले तात्या सरपंच बोलायच्या आधीच त्या पदरानं डोळे पुसत होत्या. शेजारचा नातू 'काय म्हणाला गं?' विचारायचा, त्या सांगायच्या, आणि तोवर पुढचा हशा होऊन जायचा. आजींना आपला गाव दिसत होता; नातू त्या बोलीच्या ठसक्यावर आणि आजीच्या हसण्यावर हसत होता. दोन्ही हसणी खरी, पण वेगळी. परीक्षणात नुसतं 'प्रेक्षक पोट धरून हसले' लिहिलंत तर हा फरक पुसला जातो.

मात्र प्रत्येक हशाला मान डोलावू नका. तोतऱ्या माणसाची नक्कल हमखास हशा घेते. तो हशा झाला हे लिहा, आणि तुम्हाला तो खटकला हेही तितक्याच स्पष्टपणे लिहा.

परीक्षण छापून आल्यावर दुसऱ्या रविवारी तिकीटबारीवर जाऊन प्लॅन, म्हणजे कुठल्या खुर्च्या विकल्या गेल्या तो तक्ता, बघा. पुढच्या रांगा जाहिरातीनंही भरतात. बाल्कनी भरू लागली असेल, तर बघून गेलेल्यांनी घरी जाऊन कुणाला तरी सांगितलंय.