दवाखान्याची पिशवी आधी भरा: बदललेले नियम आणि सोलापूरच्या घरचा खर्च

२०२३ ते २०२५ या काळात दवाखान्याच्या खर्चाचे बरेच नियम आपल्या बाजूने बदलले. तरी माणूस ॲडमिट करायची वेळ आली की घरात पहिला विचार होतो तो सोनं गहाण टाकायचा, नाहीतर भिशी उचलायचा. नियम काउंटरवर आपोआप लागू होत नाही, कागद दाखवून तो लावून घ्यावा लागतो. आणि तो कागद रात्री दोन वाजता तयार होत नाही. म्हणून आज घरात सगळे धडधाकट असताना एक कापडी पिशवी घ्या आणि पुढची कामं एकेक करून तिच्यात टाकत जा.

पहिलं काम: रेशन कार्ड

ठरावीक आजारांवर रुग्णालयात मोफत उपचार देणारी राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना सोलापूरला नवी नाही. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. नेमकं त्यामुळेच इथे जुन्या माहितीवर चालणारी माणसं खूप आहेत. ‘दीड लाखापर्यंतच मिळतं’, ‘पिवळं-केशरी कार्ड लागतं’, हे अजून ऐकू येतं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दोन्ही बदललं आणि १ जुलै २०२४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढरं कार्ड असलेलं घरसुद्धा त्यात बसतं. त्या वेळी १,३५६ उपचार ठरले होते. यादी नंतरही बदलत गेली आहे, त्यामुळे कुणाकडची जुनी झेरॉक्स बघून ‘आपला आजार नाही’ असं ठरवू नका. १५५३८८ या क्रमांकावर विचारा.

अडतं कुठे? बहुतेक वेळा नावात. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आधारवर एक स्पेलिंग असतं, रेशन कार्डावर दुसरं, आणि कुठेतरी आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या कन्नड घरांत हेच. सून लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्याच कार्डावर असतं. लहान मुलाचं नाव तर चढवलेलंच नसतं. एका कागदावर आधारप्रमाणे सगळ्यांची नावं लिहा, शेजारी रेशन कार्डावरची लिहा. जिथे फरक दिसेल तिथे दुरुस्तीचा अर्ज आजच द्या: शहरात अन्नधान्य वितरण कार्यालयात, तालुक्यात तहसीलच्या पुरवठा शाखेत. नवजात बाळासाठी जन्मदाखला वेगळा काढून पिशवीत ठेवा.

पांढऱ्या कार्डाची अडचण वेगळीच आहे. त्यावर धान्य मिळत नाही, म्हणून कित्येकांनी ते वर्षानुवर्षं कपाटात ठेवून दिलं आणि ऑनलाइन नोंदवलंच नाही. याच योजनेसाठीचं आयुष्मान कार्ड काढताना रेशन कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक लागतो. तो नसेल तर आधी पुरवठा कार्यालयात जाऊन नोंद करून घ्या, मगच पुढचं काम होईल.

आयुष्मान कार्ड घरातल्या प्रत्येकाचं स्वतंत्र काढायचं असतं, पण ५ लाखांची रक्कम सगळ्या घराची मिळून एकच. कार्ड मोबाइलमधल्या आयुष्मान ॲपवर निघतं, सेवा केंद्रातही निघतं. विडी वळणाऱ्या बायकांच्या आणि मागावर काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा लागत नाही. तिथे हात घासत बसू नका, आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी किंवा चेहऱ्याची ओळख हा मार्ग वापरा. आधारला जुना, बंद पडलेला नंबर असेल तर आधी तो बदला.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांचं वय वंदना कार्ड वेगळं काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांपुढच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. घरात दोन ज्येष्ठ असतील तर ते दोघांत मिळून. यासाठी आधार पुरतं. खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना मात्र दोन्हीतली एक निवडावी लागते. आधारवरचं वयच धरलं जातं. आजोबा सांगतात पंचाहत्तर आणि आधार सांगतं सदुसष्ट, असं असेल तर पुरावा शोधून दुरुस्ती आधी करा.

ॲडमिट होतानाचे तीन प्रश्न

योजनेत असलेल्या रुग्णालयात गेलो म्हणजे उपचार फुकट, असं नाही. रुग्णालयाला योजनेची मान्यता विशिष्ट विभागांपुरती असते. हृदयासाठी असेल, हाडांसाठी नसेल. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखलेले आहेत. म्हणून पैसे भरायच्या खिडकीआधी आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, कक्ष शोधा आणि विचारा: या आजाराचं पॅकेज, म्हणजे ठरलेला उपचार, योजनेत आहे का? या रुग्णालयाला त्या विभागाची मान्यता आहे का? आमच्या कार्डावर यंदा किती रक्कम शिल्लक आहे?

तिन्ही उत्तरं बरी आली तर नोंदणी लगेच करून घ्या. सगळ्यांत महागात पडणारी चूक इथेच होते. घाईत माणूस डिपॉझिट भरून ‘कॅश पेशंट’ म्हणून दाखल होतो आणि तिसऱ्या दिवशी कार्ड दाखवतो. मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते, त्यामुळे झालेला खर्च परत मिळवणं फार अवघड जातं. तातडीची वेळ असेल तर आरोग्यमित्र फोनवरून कळवून मंजुरी घेऊ शकतो. तेव्हा कार्ड घरी राहिलं असलं तरी ‘आम्ही योजनेतले आहोत’ हे पहिल्याच मिनिटाला सांगा.

योजनेत दाखल असताना औषधं, तपासण्या, जेवण हे पॅकेजमध्येच येतं. बाहेरून आणायची चिठ्ठी हातात दिली, तर ती घेऊन आधी आरोग्यमित्राकडे जा, मेडिकलमध्ये नंतर. साध्या ओपीडीचा खर्च, रोजच्या गोळ्या योजनेत येत नाहीत. तो भाग घरखर्चातच धरा.

सिव्हिलबद्दलही एक गैरसमज आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत झालं. प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, पंढरपूरसारखी उपजिल्हा रुग्णालयं त्यात आली. सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. तो निर्णय त्या विभागासाठी नव्हता. तिथे एखाद्या तपासणीचे पैसे मागितले तर वाद घालण्याआधी ठरलेला दर विचारा आणि पावती घ्या.

मेडिक्लेम असेल तर

विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून नियम बदलले. पॉलिसीआधीपासून असलेल्या आजारासाठी, म्हणजे मधुमेह, रक्तदाब वगैरेंसाठी, थांबायचा काळ चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल, तर आजार लपवला म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. आधी यासाठी आठ वर्षं लागत. याचा अर्थ आजार लपवावा असा अजिबात नाही. पहिल्या पाच वर्षांत याच कारणाने दावा अडकू शकतो, आणि एजंटने ‘शुगर लिहू नका’ म्हटलं म्हणून काही कंपनी सोडत नाही. फॉर्म स्वतः वाचून सही करा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. २०,००० च्या हप्त्याला आधी २३,६०० भरावे लागत. नूतनीकरणाची नोटीस नीट बघा: जीएसटी गेला पण मूळ हप्ता किती वाढला? साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला नियामकाशी आधी बोलावं लागतं, असा आदेश जानेवारी २०२५ चा आहे. ऑफिसच्या गट विम्याला ही जीएसटी माफी नाही.

खिशाला सगळ्यांत मोठं भोक पाडतं ते खोलीभाडं. पॉलिसीत दिवसाला ५,००० ची मर्यादा आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर फक्त ३,००० चा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. हे खर्च ८०,००० झाले तर मंजूर होतात ५०,०००, आणि ३०,००० तुमच्या अंगावर. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही. बिलात लावलेली दिसली तर लेखी हरकत घ्या. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा जाड पेनाने पिशवीतल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवणं. ॲडमिट करायला जाणारा माणूस पॉलिसी वाचलेलाच असेल असं नाही.

कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने परस्पर भरायची, विनंती मिळाल्यापासून कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, असा मे २०२४ चा आदेश आहे. तीन तासांपुढे उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. पण घड्याळ सुरू होतं ते फाईल कंपनीकडे पोचल्यावर. डॉक्टर सकाळी राउंडला ‘आज घरी’ म्हणतात आणि फाईल विमा डेस्कवर दुपारी दोनला उतरते. ते मधले तास कुणीच मोजत नाही. राउंड झाला की डेस्कवर जा, फाईल कधी पाठवली ते विचारा आणि वेळ लिहून घ्या. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर कंपनीला ४८ तास आधी कळवा. अचानक ॲडमिट झालात तर लगेच.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. सोलापूरसाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जायला हवं.

योजना नाही, विमा नाही

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो सेतूतून निघायला दिवस जातात. म्हणून तो दरवर्षी एप्रिलमध्येच काढून पिशवीत ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीसाठीही उत्पन्नाचा दाखला लागतो, तिथली मर्यादा १ लाख ६० हजार आहे.

कारखान्यात महिन्याला २१,००० पर्यंत पगार असेल तर कामगार विमा (ईएसआय) लागू होऊ शकतो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. पगारपत्रकावर ही कपात दिसते का ते बघा. कपात दिसते आणि विमा क्रमांक मात्र माहीत नाही, अशी स्थिती असेल तर क्रमांक आजच मागून घ्या. घरच्यांची नावं त्यात जोडली नसतील तर त्यांना उपचार मिळताना अडचण येते.

पुणे-हैदराबाद महामार्गावर किंवा विजापूर रस्त्यावर अपघात झाला तर मे २०२५ पासूनची केंद्राची योजना आहे. ठरवलेल्या रुग्णालयात जखमीवर सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार पैसे न घेता. जखमीकडे विमा आहे की नाही हे विचारलं जात नाही. ११२ ला फोन करून पोलिसांत नोंद झालीच पाहिजे, तीच नोंद इथे कामाची. रुग्णवाहिकेसाठी १०८.

बिल हातात आलं की

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या बदलाने रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. एकरकमी ‘औषधे व इतर’ असं लिहिलेलं बिल घेऊ नका, बाबवार मागा. औषधं त्यांच्याच मेडिकलमधून घ्या असं बंधन नाही. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनीत बसवायची जाळी, बसवला असेल तर त्याच्या डब्यावरचा स्टिकर आणि बिलात त्याची वेगळी नोंद हवी. त्याची कमाल किंमत सरकारने बांधून दिलेली आहे. कागदपत्रांच्या प्रती लेखी मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असतात, आणि विम्याच्या दाव्याला त्या हव्यातच. तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करायची.

रोजच्या गोळ्यांचं गणित घरीच करता येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. खरी बचत मात्र जेनेरिकमध्ये, म्हणजे ब्रँडऐवजी घटकाच्या नावाने मिळणाऱ्या औषधांत, आहे. डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावं ही सक्ती ऑगस्ट २०२३ मध्ये आली आणि त्याच महिन्यात स्थगितही झाली, म्हणून आपण मागून घ्यायचं. चिठ्ठीवर घटकाचं नाव आणि ताकद लिहून घ्या, उदाहरणार्थ मेटफॉर्मिन ५००, टेल्मिसार्टन ४०, आणि जनऔषधी केंद्रात तीच द्या. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ असेल तर साधी गोळी त्याऐवजी घेऊ नका. ‘एसआर’, ‘एक्सआर’ गोळी हळूहळू विरघळणारी असते, ती बदलली की साखर किंवा रक्तदाब वरखाली होतो.

पिशवीत काय काय

रेशन कार्ड आणि सगळ्यांच्या आधारच्या दोन-दोन झेरॉक्स, आयुष्मान आणि वय वंदना कार्डं, उत्पन्नाचा दाखला, पॉलिसीचं पहिलं पान, कामगार विमा क्रमांक, प्रत्येकाच्या चालू गोळ्यांची यादी, रक्तगट, ॲलर्जी, शेवटचे रिपोर्ट. एक वही, दोन पेनं, मोबाइलचा चार्जर. आणि सुटे पंधरा-वीस हजार, बँकेत नव्हे, घरात. योजना लागू असली तरी पहिल्या काही तासांत तपासण्यांना, रिक्षाला, सोबतच्या माणसाच्या जेवणाला पैसे लागतातच. पुण्याला हलवायची वेळ आली तर अडीचशे किलोमीटरची रुग्णवाहिका वेगळी. पिशवी कुठे टांगली आहे ते घरातल्या शाळकरी मुलालाही माहीत हवं.