जीडाल बसत नाही, तेव्हा आधी काय बघायचं

मी पाणलोटाचे नकाशे करते. माण तालुक्यातल्या विहिरींच्या नोंदी, शिवारांच्या हद्दी, उंचीचे रास्टर (चौकटी-चौकटींचे नकाशे), हे सगळं पायथनमधून वाचायला जीडाल नावाची, नकाशांच्या फाइल्स उघडणारी लायब्ररी लागते. दरवर्षी पावसाळ्याआधी दोन-तीन नवी मुलं कामाला येतात आणि त्यांचे पहिले दोन दिवस हे जीडाल बसवण्यातच जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ‘मॅडम, मला हे जमणार नाही’ म्हणतात. खरं तर त्यांचं काही चुकलेलं नसतं.

मागच्या मे महिन्यात अशीच एक मुलगी उबुंटू 24.04 चा लॅपटॉप घेऊन आली. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपला ‘पिप इन्स्टॉल जीडाल’ सांगितल्यावर पडदाभर लाल ओळी. मग तिने नेटवर जे दिसेल ते करून पाहिलं: उबुंटूच्या ॲप्टने एकदा, कोंडा या दुसऱ्या पॅकेज-व्यवस्थेने एकदा, शेवटी सोर्स (मूळ कोड) उतरवून घरी कंपाइल. संध्याकाळपर्यंत लॅपटॉपवर तीन जीडाल होते आणि पायथन कोणतं उचलतंय ते तिला कळेना.

गोंधळाचं मूळ नावात आहे. जीडाल ही सी++ मध्ये लिहिलेली लायब्ररी. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 1998 मध्ये तिची सुरुवात केली. अक्षांश-रेखांशांच्या रूपांतरासाठी ती प्रोज या लायब्ररीवर विसंबते, आकृत्यांच्या भूमितीसाठी जिऑस या लायब्ररीवर. पिपवर ‘जीडाल’ याच नावाने जे मिळतं तो फक्त पायथनचा दुवा. तो तुमच्या मशीनवर कंपाइल होतो आणि त्या वेळी खरी लायब्ररी तिथे आधीच असावी लागते. पिप ती आणून देत नाही.

म्हणून पहिला प्रश्न: तुम्हाला हा दुवा हवा आहे का? स्क्रिप्टमध्ये ‘फ्रॉम ओएसजीओ इम्पोर्ट जीडाल’ अशी ओळ नसेल, नुसती जिओपांडाज किंवा रास्टेरिओ ही पॅकेजं असतील, तर बहुतेक वेळा नको. रास्टेरिओ आणि पायओग्रिओ (जिओपांडाज फाइल्स वाचायला हेच वापरतं) यांच्या तयार व्हीलमध्ये (आधीच बांधलेल्या पॅकेजमध्ये) जीडाल आतच भरलेलं येतं. स्वच्छ व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं वातावरण) करा, त्यात जिओपांडाज बसवा, काम सुरू करा. माझ्याकडच्या निम्म्या मुलांची अडचण इथेच सुटते.

दुवा हवाच असेल, तर लाल ओळींमधली नेमकी ओळ शोधा. शेवटची ओळ नुसती ‘बिल्ड फसलं’ एवढंच सांगते, कारण तिच्या वर असतं. ‘जीडाल-कॉन्फिग’ सापडत नाही असं म्हणत असेल, तर लायब्ररीचं डेव्ह पॅकेज (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइल्सचं) नाही. ‘सीपीएल_पोर्ट.एच’ नाही म्हटलं, तरी बहुधा तेच, हेडर फाइल्स नाहीत. ‘पायथन.एच’ नाही म्हटलं तर पायथनचं डेव्ह पॅकेज राहिलंय. आणि ‘दुव्याला 3.10 हवं, सापडलं 3.8.4’ अशा अर्थाचं काही असेल तर बसवायचं काहीच राहिलेलं नाही, फक्त आवृत्त्या जुळत नाहीत.

उबुंटूवर मी हे करते (टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत): ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबजीडाल-डेव्ह पायथन3-डेव्ह बिल्ड-इसेन्शियल’. फेडोरावर पहिल्या दोन पॅकेजांची नावं ‘जीडाल-डेव्हल’ आणि ‘पायथन3-डेव्हल’ अशी असतात. मग ‘जीडाल-कॉन्फिग --व्हर्जन’ विचारायचं. 24.04 वर उत्तर 3.8.4 येतं, 22.04 वर 3.4.1. जो आकडा येईल तोच पिपला द्यायचा: ‘जीडाल==3.8.4’. आकडा न देता पिपला मोकळं सोडलं की ते सगळ्यात नवा दुवा आणतं आणि जुन्या लायब्ररीशी त्याचं पटत नाही.

यात एक खाच आहे आणि तिने माझा एक अख्खा आठवडा घेतला आहे. सगळं नीट बसतं, इम्पोर्टही होतं, पण रास्टर ॲरेमध्ये वाचायला गेलं की ‘_जीडाल_ॲरे’ नावाचं मॉड्यूल नाही म्हणून अडतं. कारण असं की पिप दुवा वेगळ्या, बंद वातावरणात बांधतं आणि तिथे नमपाय (ॲरे हाताळणारं पॅकेज) नसतं, त्यामुळे तो भाग बांधलाच जात नाही. उपाय: व्हेन्व्हमध्ये आधी सेटअपटूल्स, व्हील आणि नमपाय बसवा, मग जीडाल बसवताना ‘--नो-बिल्ड-आयसोलेशन’ आणि ‘--नो-कॅश-डिर’ हे दोन्ही द्या. दुसरा पर्याय विसरलात तर पिप आधीचं अर्धवट बांधलेलं व्हीलच साठ्यातून काढून देतं. 3.8.4 हे नमपाय 2 च्या आधीचं आहे, म्हणून त्याच्याबरोबर नमपाय 2 पेक्षा जुनंच घ्या.

त्या मुलीच्या लॅपटॉपवर ‘विच -ए जीडाल-कॉन्फिग’ टाकलं आणि तीन वाटा दिसल्या. पहिली कोंडाची. म्हणजे ॲप्टचं सगळं बरोबर असूनही दुवा कोंडाच्या लायब्ररीवर बांधला जात होता. कोंडा वापरायचं तर सगळं कोंडा-फोर्जमधून घ्या, नाहीतर ‘कोंडा डीॲक्टिव्हेट’ करून पूर्ण ॲप्टवर या. अर्धं इथलं, अर्धं तिथलं करू नका. घरी कंपाइल केलेलं ‘/यूएसआर/लोकल’मधलं आम्ही काढून टाकलं आणि ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवलं.

पायथनऐवजी आर ही भाषा वापरणाऱ्यांना तिथल्या नकाशांच्या एसएफ पॅकेजसाठी लिबजीडाल-डेव्ह, लिबजिऑस-डेव्ह, लिबप्रोज-डेव्ह आणि लिबयूडीयुनिट्स2-डेव्ह लागतात. शेवटचं हमखास विसरलं जातं.

बसल्यानंतरही ‘प्रोज.डीबी दुसऱ्या प्रोजची आहे’ अशा अर्थाची तक्रार आली, तर ‘प्रोज_लिब’ आणि ‘प्रोज_डेटा’ ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स बघा. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने ती आपल्या फोल्डरकडे वळवलेली असतात. ती ‘अनसेट’ करा.

शेवटी माहीत असलेला बिंदू तपासा. आम्ही दहिवडी घेतो: रेखांश 74.55, अक्षांश 17.70, ईपीएसजी 4326 (अंशांतले अक्षांश-रेखांश) वरून 32643 (मीटरमधला पट्टा) मध्ये. पूर्वेचा आकडा साडेचार लाखांच्या आणि उत्तरेचा साडेएकोणीस लाखांच्या जवळपास यायला हवा. भलतंच काही आलं, तर ओएसजीओमध्ये, म्हणजे याच दुव्यात, अक्षांश आधी की रेखांश आधी ते पाहा, जीडाल 3 पासून 4326 ला तो क्रम उलटा झाला आहे. तपासणीसाठी नागपूर घेणार असाल तर 32644 वापरा, कारण 78 अंश रेखांशापलीकडे पट्टा बदलतो.