भादव्यातली खंजिरी: पान ताणलेलं कसं ठेवायचं

गणपतीच्या दिवसांत ठाण्यात आणि खाडीपलीकडे ऐरोली-वाशीत हवा इतकी ओली असते की सकाळी टणटणीत बोलणारी खंजिरी संध्याकाळच्या आरतीला भद्द वाजते. यात वाजवणाऱ्याच्या हाताचा दोष नाही. तिचं पान, म्हणजे वर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं, हवेतला ओलावा पितं, सैल पडतं आणि स्वर उतरतो. म्हणून आधी पान, मग ताल.

आरतीच्या 10 मिनिटं आधी हेअर ड्रायर मध्यम आचेवर ठेवून एक वीत अंतरावरून कडेकडेने गोल फिरवा. दर अर्ध्या मिनिटाने थाप मारून ऐका. स्वर हवा त्याहून किंचित वर गेला की थांबा. पान निवलं की तो खाली येतो. गॅसच्या ज्योतीवर कधीच धरू नका. पातळ पान मध्येच करपून कडक होतं आणि जोरदार थापेला फाटतं. शिवाय कड्यापाशी चिकटवलेलं असेल तर तेही सुटतं.

गडकरी रंगायतन किंवा वाशीचं भावे नाट्यगृह अशा वातानुकूलित ठिकाणी गणित उलटं होतं. कोरड्या हवेत पान ताणतं आणि आवाज चिरका होतो. आतल्या बाजूने ओल्या बोटाने दोन-चार थेंब पुसा, दोन मिनिटं थांबा. दक्षिणेतल्या कंजिरा या खंजिरीसारख्या वाद्याचे वादकही पाणी लावूनच खर्ज आणतात. त्या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं असे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, तेव्हा तसं पान कुणी देऊ केलं तरी घेऊ नका. विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी मात्र प्लास्टिकचं पान बरं. गोडवा कमी, पण पावसात स्वर टिकतो.

खंजिरी डाव्या हातात, झांजा नसलेल्या जागी धरा आणि साधारण 45 अंशांत तिरकी ठेवा. आडवी धरली तर झांजांच्या चकत्या एकमेकींवर बसून दबतात; अगदी उभी धरली तर लोंबत राहतात आणि ठोक्यानंतरही खुळखुळतात. ब्राझीलच्या पांदेइरो या खंजिरीसारख्या वाद्यात चकत्यांची ठेवण मुद्दाम अशी असते की आवाज कोरडा आणि तोकडा निघावा, म्हणून सांबा या तिथल्या नाचगाण्याची जलद लय स्वच्छ ऐकू येते. भजनाला थोडी रेंगाळणारी झांज शोभते, पण झांजांचा चिखल नको.

केरवा तालाच्या 8 मात्रांत पहिलीला चार बोटांनी मोकळी थाप द्या आणि हात लगेच उचला. हात पानावर राहिला की नाद मरतो. पाचवीला कडेवर बोटांची टिचकी. मधल्या मात्रा डाव्या मनगटाने भरा, कोपरातून हलवू नका. कोपराने लय पळते आणि 10 मिनिटांत खांदा भरून येतो.

वाजवून झाल्यावर घामाचा हात लागलेलं पान सुक्या कापडाने पुसा. लगेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं तर बुरशी धरते. सुती पिशवीत भरून भिंतीपासून दूर टांगा. पितळी चकत्या हिरवट पडल्या तर चिंचेने घासून कोरड्या करा, पण ते पाणी पानावर जाऊ देऊ नका. खिळ्याला तेल लावू नका, चकत्या चिकटतात.